अन्नाचे स्मरण : चिनी वाङ्मय आणि बारामती-इंदापूरची ओवी

चिनी वाङ्मयात अन्नाच्या उल्लेखाची परंपरा प्राचीन असून तो उल्लेख पुष्कळदा लेखकाच्या खाजगी जीवनाशी निगडित असतो. पश्चिम चिन राजवटीतील चांग हान हा अधिकारी राजधानी लोयांग येथे असता शरदाचा वारा सुटला आणि त्यास आपल्या वू प्रांतातील पाणवनस्पतीचे सार व माशाचे बारीक काप आठवले. त्याने अधिकारपद सोडून घरची वाट धरली. त्या साराचा व माशाचा एकत्र उल्लेख हाच पुढे चिनी भाषेत घरच्या ओढीचा वाक्प्रचार झाला. अठराव्या शतकात युआन मेई (१७१६–१७९८) या कवीने तर पाककलेवर स्वतंत्र ग्रंथच रचला. तो १७९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

युआन मेईचे समकालीन मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस राहत. त्यांनी रामायण-महाभारतातील कथा आर्यावृत्तात आणल्या. परंतु त्याच परिसरातील घरगुती अन्नाची आठवण प्रामुख्याने जात्यावरच्या ओवीने जपली. नीरा आणि भीमा यांच्यामधील हा प्रदेश पर्जन्यछायेतील होय. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला व पुढे कालव्याकाठी ऊस वाढला. तरी भाकरी ज्वारीचीच राहिली. पहाटे ती ज्वारी दळताना सासुरवाशीण गात असे. भाऊ पाहुणा आला, त्याला काय वाढावे, माहेरी आईने काय वाढले, हे तिच्या ओवीचे नेहमीचे विषय. पदार्थाची कृती वा चव ओवी क्वचितच सांगते. कोणी कोणाला वाढले, हे मात्र ती आवर्जून सांगते. चांग हानच्या साराप्रमाणेच येथेही पदार्थाच्या नावामागे माणूस उभा असतो.

या भागातील बोलीतही हाच संबंध आढळतो. भाकरीबरोबर खावयाच्या पातळ पदार्थाला येथे ‘कोरड्यास’ म्हणतात. हे रूप मुळात चतुर्थीचे दिसते : कोरड्या भाकरीस लावून खावयाचे ते ‘कोरड्यास’. ‘कालवण’ हा शब्द ‘कालवणे’ या क्रियापदावरून आला. दोन्ही शब्दांत पदार्थाचे घटक सांगितलेले नाहीत. भाकरीशी असलेले त्याचे नाते तेवढे सांगितले आहे. घरी जे असेल ते भाकरीस लावावयाचे, ही कोरडवाहू शेतकऱ्याची स्थिती त्या नावांत साठलेली आहे. ‘भाकरतुकडा’ हा शब्दही असाच. दृष्ट काढताना ओवाळून टाकावयाचा तुकडा तो हाच, आणि पाहुण्यास आग्रहाने दिलेले साधे जेवणही तेच.

पिठाची गिरणी गावोगाव पोचल्यावर स्त्रीचे कष्ट वाचले, हा लाभ मोठाच. परंतु ओवीचा प्रसंग त्याबरोबर नाहीसा झाला. हेमा राईरकर व गी पॉईतवाँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून त्यांचा मोठा भाग वाचला. बोलीतील अन्नवाचक शब्दांची नोंदही त्याच रीतीने व्हावयास हवी. प्रमाण भाषेच्या वापरामुळे ‘कोरड्यास’च्या जागी ‘भाजी’ किंवा ‘आमटी’ सहज येते आणि ऐकणाऱ्यास काही उणे झाल्याचे जाणवत नाही. शब्दाचा केवळ अर्थ टिपल्याने काम भागत नाही. तो कोणी, कोणाला वाढताना उच्चारला, हेही टिपले तरच त्यातील व्यक्तिगत आशय टिकेल. कारण चांग हानचे सार चिनी भाषेत टिकून राहिले, ते त्याच्या घरी परतण्याच्या कथेसह.