सुट्टीचा हिशोब

दिल्लीस कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात आपण उतरलात, तर कायदा शिकणाऱ्या आपल्या कन्येस वा पुत्रास जवळचे सर्वोच्च न्यायालय अवश्य दाखवा. मात्र वाटेत एक हिशोबही विचारा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या एलएल.बी.स २० अनिवार्य, ४ प्रात्यक्षिक आणि निदान ६ ऐच्छिक विषय लागतात. ऐच्छिक विषय बहुधा मित्राचे पाहूनच घेतले जातात! परंतु खरी अडचण इंटर्नशिपची, म्हणजे उमेदवारीची. ती एकूण किमान १२ आठवडे हवी. आणि कोणत्याही वर्षी सलग ४ आठवड्यांहून अधिक करता येत नाही. पहिल्या दोन वर्षांच्या सुट्ट्या गावी गेल्या, तर अखेरच्या वर्षी सारे आठवडे एका दमात भरून काढता येणार नाहीत. तेव्हा यंदाच्या सुट्टीपूर्वीच एखाद्या वकिलास पत्र लिहावयास सांगा.