पितळेवरचं पाऊल

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात पितळेच्या १९ जाड पाट्या आहेत. प्रत्येकीवर उठावाचं चित्र आहे. कुठे क्रुसावरचा येशू, कुठे मृत पुत्राला मांडीवर घेतलेली मरिया, तर कुठे जपमाळेची माता. १६६९ साली हागिवारा युसा नावाच्या नागासाकीच्या कारागिराने अशा २० पाट्या ओतल्या. काम सुबक आहे, पण चेहरे गुळगुळीत झालेत आणि नाक-डोळे झिजून गेलेत. कारण पावणेदोनशेहून अधिक वर्षं सरकारी हुकमाने माणसं त्यांच्यावर पाय देत होती.

या पाट्यांना फुमिए म्हणतात. नवं वर्ष लागलं की नागासाकीत अधिकारी त्या घेऊन गल्लोगल्ली फिरत. वहीतून घरातल्या एकेकाचं नाव पुकारलं जाई. यजमानापासून नोकरापर्यंत प्रत्येकाने पुढे येऊन अनवाणी पाय चित्रावर ठेवायचा. तान्ह्या बाळाला आई उचलून धरी आणि त्याची पावलं टेकवी. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी पाटी नेली जाई. डच कंपनीच्या नोकरीत १६९० ते १६९२ या काळात नागासाकीत राहिलेला जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्फर याने हा प्रकार नोंदवून ठेवला आहे. युरोपात त्याची एवढी चर्चा होती, की जोनाथन स्विफ्टने १७२६ मध्ये आपल्या गलिव्हरलाही जपानात यातून सूट मागायला लावली.

ज्याचा पाय अडखळला तो ख्रिस्ती, एवढा सरळ हिशेब. पण हा हिशेब काढण्याआधी जपानी सत्ताधाऱ्यांनी दुसरा मार्ग चोखाळून पाहिला होता. त्या मार्गावर वसईचा एक माणूस उभा आहे.

वसईचा दुभाषी

जपानात ख्रिस्ती धर्म पोचला तो गोव्यामार्गे. कागोशिमाचा अंजिरो १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन पाउलो झाला. त्याला सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत जपानी ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या आसपास गेली.

ही वाढ सगळीच प्रवचनांमुळे झाली नव्हती. ओमुराचा सरदार सुमितादा स्वतः ख्रिस्ती झाला आणि १५७४ मध्ये त्याच्या मुलखात मंदिरं-मठ पाडले गेले, प्रजेला धर्म बदलावा लागला. १५८० मध्ये त्याने नागासाकी बंदरच येशूसंघीयांच्या (जेझुइटांच्या) हवाली केलं. इकडे गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसलेलं होतं. ज्या धर्माचे लोक जपानात छळ सोसणार होते, त्याच धर्माच्या हाती जिथे सत्ता होती तिथे तीही दुसऱ्यांच्या देवघरात शिरत होती. हे मनाशी ठेवूनच पुढची हकिगत वाचायला हवी.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई तिथलीच. वसईच्या किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे त्यांचं शिक्षण झालं. कोवळ्या वयातच ते धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा तिथल्या माणसासारखी बोलू लागले. काही काळ त्यांनी व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे पाठवलं, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालोच गेले. हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण अंमल ढिला होता. फ्रान्सिस्कनांनी क्योतोमध्ये चर्च बांधलं, गरिबांसाठी रुग्णालय काढलं.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. आधी पाद्री येतात आणि मागून फौज येते, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूधाऱ्याने मारल्याचं सांगतात. त्याने नेमके कोणते शब्द वापरले यावर इतिहासकार आजही भांडतात. एवढं मात्र खरं की हिदेयोशीचा संशय भडकला आणि क्योतो-ओसाकात धरपकड झाली.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत २४ कैद्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या आणि बैलगाड्यांत घालून त्यांची धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात त्यांना सुमारे ८०० किलोमीटरवरच्या नागासाकीकडे चालवत नेलं. एवढ्या लांब नेण्यात हेतू होता. वाटेतल्या गावागावाने पाहावं आणि धसका घ्यावा. उलट वाटेत आणखी दोघं त्यांच्यात जमा झाले आणि संख्या २६ झाली. त्यात सहा फ्रान्सिस्कन होते. चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. बाकीचे २० जपानी. त्यांत येशूसंघाचे पॉल मिकी होते, सुतार होते, स्वयंपाकी होते आणि बारा ते चौदा वर्षांची तीन मुलंही होती.

५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर क्रूस तयार होते. आपला क्रूस कोणता असं विचारत गोन्सालो सर्वांत आधी पुढे झाले, असं परंपरा सांगते. पॉल मिकींनी क्रुसावरूनच प्रवचन दिलं आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. दोन्ही बाजूंनी भाले खुपसून सगळ्यांना मारण्यात आलं. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या २६ जणांना संतपद दिलं आणि गोन्सालो भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. वसईत आज त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. निशिझाकाच्या स्मारकावर २५ सोबत्यांच्या रांगेत त्यांची मूर्तीही आहे.

हुतात्मे नकोत

हिदेयोशीला दहशत बसवायची होती. झालं भलतंच. टेकडी तीर्थ बनली आणि लोक तिथली माती घरी नेऊ लागले. हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याने १६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. तरी १६२२ मध्ये त्याच निशिझाकावर ५५ जणांना जाळलं किंवा शिरच्छेद करून मारलं, तेव्हा भोवती पुन्हा प्रार्थना म्हणणारा जमाव होताच. मेलेला माणूस आपल्याला जड जातो, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं. त्यांना आता हुतात्मे नको होते, धर्म सोडलेली माणसं हवी होती.

त्यासाठी खड्डा आला. कैद्याला दोरांनी घट्ट गुंडाळून खड्ड्यात उलटं टांगायचं, रक्त डोक्यात साठून तो लवकर मरू नये म्हणून कानशिलावर बारीक चीर द्यायची आणि धर्म सोडल्याची खूण करता यावी म्हणून एक हात मोकळा ठेवायचा. ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकीत असे टांगलेल्यांमध्ये दोघं शेजारी होते. जपानातल्या येशूसंघीयांचे पोर्तुगीज प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरेरा यांनी काही तासांत खूण केली. पुढे ते सावानो चुआन या जपानी नावाने राहिले आणि सरकारच्या कामी आले. दुसरे नाकाउरा ज्युलियन. किशोरवयात जपानहून रोमला गेलेल्या चार मुलांपैकी ते एक. जाता-येता ती मुलं गोव्यात राहिली होती. ज्युलियन तेव्हा साठीच्या घरात होते. त्यांनी हात हलवला नाही आणि तीन दिवसांनी प्राण सोडला.

शुसाकू एन्दो यांची ‘चिनमोकू’ ही १९६६ची कादंबरी फेरेरांच्या सावलीतच उभी आहे. मार्टिन स्कोर्सेसीने २०१६ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला.

१६३७-३८ मध्ये शिमाबाराच्या शेतकऱ्यांनी करवसुली आणि छळ यांना कंटाळून बंड केलं. हारा किल्ल्यात कोंडलेली हजारो माणसं कापली गेली. त्यानंतर पहारा घरोघर आला. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मठात नाव नोंदवायचं आणि आपण ख्रिस्ती नाही असा दाखला मठाकडून घ्यायचा. हा दाखला रेशनकार्डासारखाच अंगाला चिकटलेला असे. लग्न, प्रवास, मर्तिक, कशालाही तो लागे. पाच-पाच घरांचे गट पाडले होते आणि एका घराचा गुन्हा पाचांवर येई. चौकातल्या फळ्यांवर पाद्री दाखवून देणाऱ्याला चांदीचं बक्षीस लिहिलेलं असे. आणि वर्षातून एकदा ती पितळेची पाटी.

घरी परतल्यावर

बहुतेकांनी पाय ठेवला. ज्यांनी ठेवला नाही ते मेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या घरातल्या प्रार्थनाही संपल्या. पाय ठेवणाऱ्यांपैकी काही जण घरी आले, दार लावलं आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणू लागले. धर्मगुरू नसला तरी मनापासूनच्या पश्चात्तापाने क्षमा मिळते, असं शिकवणारी एक छोटी पोथी १६०३ मध्ये तयार झाली होती. पाद्री संपले, तेव्हा हीच पोथी हातोहात नकलून पुढे गेली.

सोतोमे, गोतो बेटं, इकित्सुकी, उराकामी अशा ठिकाणी गावांनी आपली गुप्त घडी बसवली. एक जण सणवारांचं पंचांग सांभाळी. बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने मागे ठेवलेलं १६३४चं पंचांग त्यासाठी वापरलं जाई. दुसरा बाळांना बाप्तिस्मा देई. मांडीवर मूल घेतलेली कान्नोन, म्हणजे बौद्धांची करुणादेवी, देवघरात मरिया म्हणून पुजली जाई. लॅटिन-पोर्तुगीज प्रार्थना कानावर पडल्या तशा पाठ होत गेल्या, अर्थ पुसट झाला तरी उच्चार टिकले. घरात मयत झालं की बौद्ध भिक्षूला बोलवावंच लागे. तो बाहेर सूत्र म्हणत असता आतल्या खोलीत कुटुंबातलं कोणी तरी त्या सूत्राचा असर उतरवणारी प्रार्थना पुटपुटत बसे.

शेजाऱ्यांनी डोळेझाक केल्याशिवाय हे सात पिढ्या चाललं नसतं. सोतोमेतल्या तेनपुकुजी या झेन मठाने कोण कोण आहे हे जाणून त्यांना आपल्या वहीत सांभाळून घेतलं.

क्रुसावर गेलेल्यांची नावं चर्चच्या यादीत आहेत. पाय ठेवणाऱ्यांची नावं फक्त सरकारी वह्यांत आहेत, आणि तीही ‘ख्रिस्ती नाही’ या शेऱ्यासह. पण गोन्सालो आणि पॉल मिकी ज्या श्रद्धेसाठी मेले ती जपानी घरांत जिवंत ठेवली ती या दुसऱ्यांनी. ताठ उभं राहणं म्हणजे एकच गोष्ट असं समजून या माणसांकडे पाहिलं, तर दोघांपैकी एकाला तरी आपण चुकीचं जोखतो.

लपणं संपलं

जपानने परदेशी लोकांना दारं उघडल्यावर त्यांच्यासाठी नागासाकीत ओउरा चर्च उभं राहिलं आणि ते त्याच २६ हुतात्म्यांना अर्पण केलेलं होतं. १७ मार्च १८६५ च्या दुपारी उराकामीहून दहा-पंधरा माणसं बघे म्हणून आली. फ्रेंच धर्मगुरू बर्नार्ड पेतिजाँ प्रार्थना करत होते. युरी नावाची एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि तिने पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. दोनशे वर्षांत एकही धर्मगुरू न पाहिलेले ख्रिस्ती अजून आहेत, हे जगाला असं कळलं.

बंदी मात्र उठलेली नव्हती. १८६७ मध्ये उराकामीकरांनी आपल्या मयतांना भिक्षूविना पुरायला सुरुवात केली आणि मठाशी संबंध नको असं सांगून टाकलं. जुलैमध्ये एका रात्री ६८ जणांना पकडलं. दोरांनी आवळून टांगल्यावर एकेक जण कच खात गेला. ताकागी सेन्एमोन हा एकटा शेतकरी बधला नाही. तो गावी परतला, तेव्हा धर्म सोडल्याचा शब्द देऊन सुटलेले लोक लाजले आणि अधिकाऱ्यांकडे जाऊन त्यांनी आपला शब्द मागे घेतला.

तोकुगावांच्या जागी आलेल्या नव्या मेइजी सरकारने गावच उचललं. १८६८ ते १८७० या काळात सुमारे ३,४०० माणसं देशभरच्या संस्थानांत वाटून हद्दपार केली. त्सुवानो संस्थानात आधी गोडीगुलाबीने समजावलं, मग शिधा कमी केला, मग तीन फुटी पिंजरा आला. सेन्एमोनला थंडीत बर्फाच्या तळ्यात उतरवलं. हद्दपारीत सहाशेहून अधिक जण मेले. परदेशी वकिलातींनी निषेध नोंदवले, युरोप-अमेरिकेत गेलेल्या जपानी शिष्टमंडळाला जागोजागी याच प्रश्नावर ऐकून घ्यावं लागलं, आणि २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीच्या फळ्या उतरल्या.

उराकामीचे लोक उजाड शेतांवर परतले. १८८० मध्ये त्यांनी गावच्या मुखियाचा वाडा विकत घेतला. पूर्वी याच वाड्यात त्यांना फुमिएवर पाय ठेवायला लावत. त्या जागेवर त्यांनी मोठं चर्च बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्याच्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर फुटला. १२,००० पैकी सुमारे ८,५०० उराकामीकर ख्रिस्ती मेले. १९५९ मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं.

जे परतले नाहीत

पेतिजाँ भेटल्यावर सगळे गुप्त ख्रिस्ती रोमच्या छत्राखाली आले, असं नाही. चर्चने नव्याने धर्मशिक्षण घ्यायला आणि जुन्या बौद्ध-शिंतो खुणा टाकून द्यायला सांगितलं. इकित्सुकी आणि सोतोमेतल्या अनेक घरांनी ते नाकारलं. ज्या रीतींनी वाडवडलांनी सरकारपासून देव वाचवला त्याच रीती चूक म्हणून कशा टाकायच्या, हा त्यांचा प्रश्न होता. इकित्सुकीत ‘गुरुरियोझा’ हे गाणं अजून म्हणतात. ‘ओ ग्लोरिओसा दोमिना’ या जुन्या लॅटिन स्तोत्राचं ते रूप असल्याचं संगीत-अभ्यासक तात्सुओ मिनागावा यांनी दाखवून दिलं.

२०१८ मध्ये युनेस्कोने नागासाकी परिसरातली १२ गुप्त ख्रिस्ती स्थळं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. गट मात्र एकामागून एक विसर्जित होत आहेत. तरुण शहरांत गेले आहेत आणि प्रार्थना तोंडपाठ करायला कोणी उरलेलं नाही. सोतोमेतल्या कारेमात्सू देवळापाशी मात्र २००० सालापासून वार्षिक सोहळा होतो. तिथे कॅथलिक धर्मगुरू मिस्सा करतात, गुप्त परंपरेतले लोक आपल्या प्रार्थना म्हणतात, आणि ज्यांच्या वहीत पूर्वजांची नावं बौद्ध म्हणून नोंदलेली होती त्या मठाची माणसंही हजर असतात.