‘स्माइल प्लीज’च्या आधी

नवा कॅमेरा घरी आला की पहिल्या दहा मिनिटांत काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. खोक्याची रील होते, मॅन्युअल प्लास्टिकसकट परत खोक्यात जातं, बॅटरी आहे तेवढ्या चार्जिंगवर आत ढकलली जाते आणि घरातलं कुणीतरी हातातलं काम टाकून ‘माझा काढ ना एक’ म्हणत समोर उभं राहतं. माझंही असंच झालं. फक्त माझ्यासमोर माझी आजी होती, आणि तिला जो फोटो हवा होता तो साधासुधा नव्हता.

आधी तेवढं सांगते. आमच्या वाईच्या घरात, बाहेरच्या खोलीत आजोबांचा फोटो आहे. तो एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. आजोबांच्या डाव्या बाजूला कुणाचा तरी खांदा दिसतो. कुणाचा, ते घरात कुणालाच आठवत नाही. चेहरा इतका फुटलेला की लांबूनच बरा वाटतो. आजी गेली वीस वर्षं त्याला हार घालते आणि गेली वीस वर्षं म्हणते, “माझा तरी धड काढा रे कुणीतरी.” गेल्या डिसेंबरात तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं, म्हणजे वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, हजार पौर्णिमा बघून झाल्यावर करतात ते. मी सेकंड इयरपासून साठवलेले पैसे आणि बाबांनी घातलेली भर मिळून आदल्या संध्याकाळी पुण्यातून कॅमेरा घेतला आणि रात्रीच्या एसटीने वाईला गेले. आजीने खोक्याला हळदीकुंकू लावलं (खोक्यालाच लावा हं, लेन्सच्या आसपास नको!) आणि म्हणाली, “उद्या माझा भिंतीवरचा काढायचा.” आई ओरडली, “अहो आई, शुभ बोला.” आजी हसली. पण ती गंमत करत नव्हती.

सकाळी सात वाजता मी कॅमेरा पहिल्यांदा सुरू केला. स्क्रीनवर पहिलाच प्रश्न आला, तारीख आणि वेळ. मी कॅन्सल केलं. नंतर लावू.

इथून पुढे जे जे झालं ते सगळं टळलं असतं, एका तासात. म्हणून तुमचा कॅमेरा यायचा असेल, किंवा आलाय आणि अजून खोक्यात आहे, तर हा तास कसा घालवायचा ते माझ्या खर्चाने शिकून घ्या.

बॅटरीपासून सुरू करा. ‘पहिल्यांदा आठ तास, बारा तास चार्ज करायची’ असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. ते जुन्या निकेल बॅटऱ्यांचं ज्ञान आहे. आजची लिथियम-आयन बॅटरी चार्जरचा दिवा सांगेल तेव्हा पूर्ण झाली, संपला विषय. ती चार्ज होईपर्यंत पट्टा लावा, दुकानाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड बघा आणि बॉडीखालच्या सीरियल नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कॅमेरा हरवला तर पोलिसांकडे सांगायला तोच नंबर लागतो.

मग कार्ड. बाबांच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. अख्खी महाबळेश्वर ट्रिप काढली आणि शेवटी कळलं की कॅमेऱ्यात रोलच नव्हता. तुम्हाला वाटेल, डिजिटलमध्ये हे कसं शक्य आहे? शक्य आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्ड नसतानाही शटर दाबता येतं, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला ते सोयीचं पडतं म्हणून. फोटो दोन सेकंद स्क्रीनवर दिसतो आणि हवेत विरतो. मेनूत ‘कार्डशिवाय शटर’ अशा अर्थाचं सेटिंग शोधा आणि बंद करून टाका.

कार्ड नवं असलं तरी पहिल्यांदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही. प्रत्येक कॅमेरा कार्डवर स्वतःच्या पद्धतीने फोल्डर मांडतो, त्याला त्याचं घर त्याच्या हाताने लावू द्या. जुनं कार्ड वापरणार असाल तर आधी सगळं कॉपी करून घ्या. फॉरमॅट केल्यावर रडून उपयोग नाही. कार्डाच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती खाली सरकली की कार्ड लॉक. ‘नवा कॅमेरा बिघडला’ अशी बोंब मारण्याआधी ती बघायची. व्हिडिओ करणार असाल तर कार्डावर V30 लिहिलंय का तेही बघा. त्याचा अर्थ ते सेकंदाला निदान ३० एमबी लिहू शकतं.

मला दुकानातून फुकट मिळालेलं कार्ड होतं, ८ जीबीचं. त्यावर पुढे येतेच.

आता डोळा. माझा नंबर आहे उणे साडेतीन. त्या सकाळी मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर सगळं धूसर. माझी खात्रीच झाली, लेन्स खराब निघाली. घाबरून मी लेन्सवरचं बटण ऑटोफोकसवरून मॅन्युअलवर नेलं आणि डोळ्याला बरं दिसेपर्यंत रिंग फिरवली. आजी खुर्चीत बसलेली, नऊवारी, नथ, मागे भिंत. मी तिचे एकटीचे अकरा फोटो काढले. मागच्या छोट्या स्क्रीनवर ते झकास दिसले. लॅपटॉपवर अकराच्या अकरा हललेले वाटावेत असे मऊ. लेन्स ठणठणीत होती, बिघाड माझ्या बाजूला होता.

व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक इवलंसं चाक असतं, डायॉप्टर त्याचं नाव. ते तुमच्या डोळ्यांच्या नंबराप्रमाणे फिरवायचं असतं. आधी ठरवा, चष्मा लावून फोटो काढणार की काढून ठेवून. मग कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरा (सूर्याकडे नाही!) आणि समोरच्या दृश्याकडे न बघता व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या आकड्यांकडे बघा. आकडे कोरीव दिसेपर्यंत चाक फिरवा. दहा सेकंदांचं काम. चष्मा लावणाऱ्या निम्म्या मैत्रिणींना हे चाक आहे हेच माहीत नव्हतं, मी विचारून बघितलंय.

आजीची अजून एक संधी होती. दुपारी औक्षण झालं, ८१ दिव्यांनी, आणि त्यानंतर आजी, दोन सुना, दोन लेकी असा पाच जणींचा फोटो. तोवर माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, लेन्स परत ऑटोफोकसवर आणून दिली होती. पण त्याने कोपऱ्यातला उरलेल्या फोटोंचा आकडा बघितला. कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्ही साठवत होता, आणि त्या ८ जीबीच्या कार्डावर सकाळपासूनचे फोटो धरून जेमतेम शंभर जागा उरल्या होत्या. “एवढ्यात काय होणार? साइज स्मॉल कर, हजार बसतील,” दादा म्हणाला. मी केलं. मला ते हुशारीचंही वाटलं.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लार्ज म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. स्मॉल म्हणजे साधारण ३००० बाय २०००. रुंदी निम्मी, उंची निम्मी, म्हणजे फोटो एक चतुर्थांश उरतो. इन्स्टाला काही फरक पडत नाही. पण पाच जणींमधून एकटी आजी कापून घेतली तेव्हा हातात आला ७०० बाय १००० चा तुकडा. ८ बाय १२ इंची चांगल्या प्रिंटला सुमारे २४०० बाय ३६०० लागतात. स्टुडिओवाल्या काकांनी स्क्रीनवर मोठं करून दाखवलं आणि म्हणाले, “ताई, ह्यात काही राहिलंच नाही.” लार्जवर असता तर तोच तुकडा दुप्पट मोठा मिळाला असता, भिंतीवर लांबून बघायला चालला असता. आणि त्या तुकड्यात आजीच्या डाव्या बाजूला काय होतं, सांगू? आत्याचा खांदा.

तर इमेज साइज लार्ज, क्वालिटी फाइन. पहिल्याच दिवशी लावा आणि त्याला हात लावू नका. रॉ शिकायचं असेल तर रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवा. रॉ फाइल २५-३० एमबीची होते, म्हणून कार्ड ६४ जीबीचं घ्या. कॅमेऱ्यावर एवढे पैसे घातल्यावर कार्डापाशी काटकसर करणं हा आपला खास मध्यमवर्गीय आजार आहे.

आणि ते घड्याळ. ‘नंतर लावू’ म्हटलेलं. नंतर म्हणजे कधीच नाही, हे तुम्हाला असाइनमेंटच्या अनुभवावरून ठाऊक आहे. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, लेन्स, शटर स्पीड सगळं लिहून ठेवतो. त्याला एक्झिफ म्हणतात, १९९५ पासूनची ही पद्धत आहे. घड्याळ लावलं नसेल तर कॅमेरा कारखान्यातली तारीख लिहितो. घरातल्या सात मोबाइलचे आणि माझ्या कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केले तेव्हा मोबाइलवाले नीट लागले, होम, औक्षण, पंगत. माझे सगळे कित्येक वर्षं मागच्या १ जानेवारीला जाऊन बसले. आजीचं सहस्रचंद्रदर्शन मी शाळेत असतानाच होऊन गेल्यासारखं!

घरच्या अल्बममध्ये हे हसण्यावारी जातं. बातमीत जात नाही. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मी एका मोर्चाचा फोटो दिला, तेव्हा डेस्कवरच्या सरांनी फोटोआधी त्याची तारीख उघडून बघितली. “हा आजचाच, कशावरून?” तोवर माझं घड्याळ लागलेलं होतं म्हणून उत्तर देता आलं. तुम्ही कॉलेजच्या मॅगझिनसाठी, स्पर्धेसाठी फोटो देणार असाल तर हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी येणार.

लावताना फक्त आकडे बदलून सोडू नका. टाइम झोनमध्ये दिल्ली किंवा कोलकाता निवडा, म्हणजे साडेपाच तासांचा हिशेब बरोबर बसतो. शेजारच्या ढाक्यावर किंवा कराचीवर बोट गेलं की अर्ध्या तासाचा घोळ. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा करा, नाहीतर ५ डिसेंबर आणि १२ मे यांत तुम्हीच गोंधळाल. बॅटरी काढून कॅमेरा महिनोन् महिने कपाटात राहिला की आतली छोटी बॅटरी उतरते आणि घड्याळ पुन्हा पहिल्या पानावर येतं, तेव्हा सेमिस्टरच्या सुट्टीनंतर एकदा बघायचं. बऱ्याच कॅमेऱ्यांत कॉपीराइटच्या जागी आपलं नाव घालता येतं. बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर शोधत नाव टाइप करणं वैतागवाणं आहे, तरी करा. आपल्या प्रत्येक फोटोत आपलं नाव, बायलाइन मिळायच्या आधीची बायलाइन! एक ध्यानात ठेवा, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात की नाव-तारीख दोन्ही गळून पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं.

बाकीचं पटापट. बीप बंद करा, एकांकिकेच्या तालमीत किंवा कीर्तनात ‘पीप पीप’ नको. स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेषा सुरू करा, क्षितिज तिरकं होत नाही. डायल सुरुवातीला P वर ठेवा. लेन्स लावताना बॉडीवरचा ठिपका आणि लेन्सवरचा ठिपका जुळवा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि पंखा बंद करा. पावसाळ्यात, त्यातून तुम्ही मुंबई-कोकणातले असाल तर, कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती पुसून जात नाही. चामड्याच्या बॅगेत कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट.

हे सगळं करायला मला तासही लागला नाही. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याला एकच काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे. ते आठवलं की मेनू चाळण्याचा कंटाळा जरा कमी येतो.

जानेवारीत मी परत वाईला गेले. आदल्या रात्री बॅटरी भरली, कार्ड फॉरमॅट केलं, घड्याळ बघितलं, मग आजीला सकाळी नऊच्या उन्हात खिडकीशेजारी बसवलं. तिने तीच नऊवारी काढली होती. “झालं का तुझं लावून सगळं?” तिने विचारलं. “या वेळी तारीख घातलीस ना?” चाळीसेक फोटो काढले. एकात ती बाहेर, खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडे तरी बघत होती. तोच मला आवडला, तोच काकांनी ८ बाय १२ मध्ये छापला. सुरकुती न् सुरकुती दिसते, नथीतला मोतीसुद्धा.

आजीने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“चांगलाय. पण चष्मा काढायला हवा होता गं.”

“मग परत काढूया?”

“काढूया की. पुढच्या वर्षी,” ती फोटो कपाटात ठेवत म्हणाली, “मला कुठे लगेच लावायचाय तो.”