तुंबलेला मेंदू सावरतो कसा?

स्कॅनवर मेंदूत रक्त सांडलेलं दिसतंय, आणि डॉक्टर देतात काय, तर रक्त गोठू न देणारं हेपॅरिन! नातेवाइकांच्या पोटात गोळाच यावा. पण मेंदूच्या शिरांत गुठळी झाली असेल तर मूळ उपचार हाच. १९९१ साली म्यूनिकच्या न्यूरॉलॉजिस्टांनी ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या २० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. दहा जणांना हेपॅरिन, दहा जणांना औषध नसलेला प्लासिबो. हेपॅरिनवाल्यांत काहींच्या मेंदूत आधीच रक्तस्राव झालेला. तरी तीन महिन्यांनी त्यांच्यातले आठ पूर्ण बरे, दोघांत किरकोळ दोष, मृत्यू एकही नाही. दुसऱ्या गटात तिघे दगावले आणि पूर्ण बरा झाला तो एकच.

हे कसं घडतं? मेंदू मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त घेतो, आणि तेवढंच त्याला परत पाठवावं लागतं. परतीच्या शिरांच्या भिंती पातळ. त्यांना ना स्नायूंचा थर, ना झडपा. त्या जाऊन मिळतात कवटीच्या आतल्या आवरणातल्या रुंद वाहिन्यांना. डॉक्टर त्यांनाही सायनसच म्हणतात, पण सर्दीत भरतो तो सायनस वेगळा. मेंदूभोवतीचं पाणीसुद्धा इथेच मुरतं. इथे गुठळी बसली की रक्त आणि पाणी दोन्ही तुंबतात, दाब चढतो आणि बारीक शिरा फुटतात. रक्त बाहेर येतं ते पुढे जायला जागा नाही म्हणून. म्हणूनच गुठळीची वाढ थांबवणं हाच तो रक्तस्राव रोखण्याचा मार्ग.

धमनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघातात मेंदूचा भाग पाण्यावाचून वाळलेल्या शेतासारखा मरतो. शिरा तुंबल्यावर त्याचं चिबड रान होतं: फुगलेलं, बधिर, पण बऱ्याच वेळा जिवंत. निचरा सुरू झाला की ते पुन्हा कामाला लागू शकतं. हात न हलणारा, बोलता न येणारा माणूस काही आठवड्यांत चालत-बोलत घरी जातो, त्याचं रहस्य यात आहे. शेजारच्या शिरा रुंदावून रक्ताला आडवाटेने नेतात, शरीर स्वतःच गुठळी विरघळवत राहतं, आणि काही महिन्यांत बहुतेकांची बंद वाहिनी थोडीफार तरी उघडते.

ही गुठळी कधीकधी स्कॅनवर चक्क दिसते. डोक्याच्या मागच्या बाजूला मोठ्या सायनसचा छेद त्रिकोणी असतो. शिरेतून रंगद्रव्य सोडल्यावर त्या त्रिकोणाच्या कडा उजळतात आणि मधला भाग काळाच राहतो. तो काळा भाग म्हणजे गुठळी.

मग कोण सावरतं आणि कोण नाही? १९९८ ते २००१ या काळात २१ देशांतल्या ६२४ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. सुमारे ७९ टक्के लोक पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले, ८.३ टक्के वारले. धोका वाढवणाऱ्या गोष्टी ठळक होत्या: कोमा, भान हरपणं, आल्याआल्याच दिसलेला रक्तस्राव, मेंदूतला जंतुसंसर्ग, कर्करोग, सदतिशीपुढचं वय, पुरुष असणं. आणि खोलवरच्या शिरांतली गुठळी, कारण तिथे तुंबलं की जागेपण सांभाळणारा थॅलॅमस दोन्ही बाजूंनी सुजू शकतो. पुरुष मागे का पडतात? स्त्रियांत पुष्कळदा बाळंतपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या हे कारण असतं, आणि ते सरतं. कर्करोग तसा सरत नाही.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये ४२८ रुग्णांची नोंद मांडली, त्यात पुरुष थोडे जास्त निघाले. कारणांत ठळकपणे होता ॲनिमिया, आपल्या घराघरांतला. त्यात बाळंतिणीचं पाणी तोडण्याची रीत अजून टिकून आहे. बाळंतपणानंतर रक्त तसंही गोठायला टपलेलं असतं. तेव्हा तिला तहानलेलं ठेवणं मला धोक्याचंच वाटतं. तिला पोटभर पाणी द्या. आणि बाळंतिणीचं डोकं दिवसेंदिवस वाढतं दुखत असेल, उलट्या होत असतील, फिट आली, तर ‘वारं लागलं’ म्हणून थांबू नका, तिला लगेच दवाखान्यात न्या.

घरी परतल्यावरही बरं होणं संपत नाही. दाबाने डोळ्याच्या पडद्यामागची नस सुजली असेल तर दृष्टी हळूहळू जाऊ शकते, म्हणून नेत्रतपासणी चुकवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण तीन ते बारा महिने चालतात; कारण कायमचं असेल तर त्याहून जास्त. डोकेदुखी, थकवा, विसराळूपणा मात्र स्कॅन सुधारल्यावरही रेंगाळतो. धडधाकट दिसणारी सून दुपारी आडवी झाली तर तो आळस नसतो, हे घरच्यांना डॉक्टरांनी मुद्दाम सांगायला हवं. पुन्हा मूल होऊ द्यावं का, हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात. बहुतेकींना होकार मिळतो, गरजेप्रमाणे हेपॅरिनच्या इंजेक्शनांच्या आधाराने. इस्ट्रोजेनच्या गोळ्या मात्र पुढे टाळायला सांगतात.