पडलेल्या दाताची जागा : अर्धी कवळी समजून घेऊ या

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही बीपी तपासायला बसतो. मागच्या महिन्यात एक मावशी शेवटपर्यंत तोंडावर पदर धरून थांबल्या. समोरचे दोन दात पडले म्हणून त्यांनी रस्त्याकडेच्या दातवाल्याकडून तासाभरात 'फिक्स' दात बसवून घेतले होते. त्याने ते मसाल्याने शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवले होते. खाली अन्न कुजले, हिरडीत पू झाला. शेवटी खोटे दात कापून काढावे लागलेच, शेजारचे दोन खरे दातही गेले. दोनाचे चार झाले. म्हणून आज हा विषय.

दात पडला तर बिघडते काय?

"एका दाढेने काय होते?" असे आपण म्हणतो. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात. समोरच्या जबड्यातला दात आधार नसल्याने हळूहळू त्या जागेत उतरतो. फटीत अन्न अडकते आणि चांगले दात किडतात. चावता येत नाही म्हणून माणूस भाकरी, शेंगदाणे, मटण सोडतो आणि चहा-पाववर भागवतो. म्हाताऱ्या माणसांचा अशक्तपणा पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

अर्धी कवळी म्हणजे काय?

काही दात शिल्लक असताना, फक्त गेलेल्या दातांच्या जागी बसवायची, आपल्या हाताने काढता-घालता येणारी ही कवळी. दवाखान्यात तिला पार्शियल डेंचर म्हणतात. हिरडीच्या रंगाच्या पट्टीवर खोटे दात असतात. शिल्लक दातांना धरणाऱ्या बारीक तारांवर ती टिकते. तिचे मुख्य प्रकार तीन :

* प्लास्टिकची (अ‍ॅक्रिलिक) : सर्वांत स्वस्त. जरा जाड असते, पडली तर तुटते; पण दुरुस्त होते आणि पुढे आणखी दात गेला तर बहुधा त्यातच जोडता येतो.
* धातूच्या सांगाड्याची : पातळ, मजबूत, चावायला चांगली. खर्च जास्त.
* लवचिक : तार दिसत नाही, पण दुरुस्ती अवघड.

शेजारचे दात घासून बसवलेला ब्रिज किंवा हाडात स्क्रू घालून केलेले इम्प्लांट हे वेगळे उपचार आहेत आणि ते महाग पडतात. काढती कवळी घेतली म्हणजे आपण कमी प्रतीचे काही घेतले, असे मुळीच नाही.

घाई नको

दात काढल्यावर हिरडी भरायला वेळ लागतो. डॉक्टर थांबायला सांगतील, किडलेले दात आधी भरतील, हिरड्या साफ करतील. मग माप, चावा जुळवणे, घालून पाहणे अशा काही फेऱ्या होतात. तासाभरात दात देणारा यातले काहीच करत नाही. कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या दंतवैद्यालाच हे काम करता येते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

सुरुवातीला तोंडात लाळ सुटते, बोलताना जीभ अडखळते. काही दिवस मऊ भात-वरण खा, दोन्ही बाजूंनी चावा. कुठे टोचले तर घरी कानस मारू नका, तार वाकवू नका. डॉक्टरांकडे परत जा.

रोजची निगा

* जेवणानंतर कवळी काढून धुवा. मऊ ब्रश आणि साधा साबण वापरा. टूथपेस्टने, राखेने ओरखडे पडतात.
* धुताना खाली पाण्याची बादली किंवा टॉवेल ठेवा, हातातून निसटली तरी तुटणार नाही.
* गरम पाणी नको. आकार बिघडतो.
* रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. हिरडीला विसावा मिळतो आणि झोपेत कवळी घशात जायचा धोका टळतो.
* शिल्लक दात रोज घासा. तारा त्यांच्याच आधारावर आहेत.
* मिश्री, तंबाखू, गुटखा सोडा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर लगेच तपासून घ्या.
* मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

कुठे जायचे?

मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे खासगीपेक्षा खर्च बराच कमी असतो. फेऱ्या जास्त पडतात, रोजंदारी बुडते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा : एकूण खर्च किती, फेऱ्या किती, कोणत्या वारी? एका गल्लीतल्या दोघी-तिघींनी मिळून जावे.

त्या मावशींची आता रीतसर कवळी झाली आहे. परवा भेटल्या तेव्हा पदर खांद्यावर होता.