मीटर बारा दाखवतो, बल्ब पेटत नाही

राणीपूर सोडलं की तोरणमाळचा घाट लागतो, आणि गाडीत काय दम आहे ते तिथे कळतं. शहाद्यापर्यंत सपाटीवर निमूट धावलेली माझी पेट्रोल गाडी पहिल्याच चढाला आचके द्यायला लागली. पिकअप गेला, चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकला. गाडी मिसिंग करत होती. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर करंट आधी तिथेच उघडा पडतो.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पी०३५२ असा कोड आला, म्हणून कॉइल बदलली. पार्ट बाहेरगावाहून येईपर्यंत दोन दिवस गेले. घाटात पुन्हा तेच.

मग शहाद्यातल्या एका वायरमनकडे गेलो. "भाऊ, हा कोड कॉइल खराब आहे असं म्हणतच नाही. दोन नंबरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच म्हणतो." सर्किट म्हणजे फ्यूज, रिले, वायर, कपलर, कॉइल, अर्थिंग आणि शेवटी इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम. इतक्या जणांतून एकट्या कॉइलला दोषी धरायचं आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे, हे मला अन्यायाचं वाटतं.

कॉइलचं काम मोठं सुंदर आहे. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे काहीशे वेढे, आणि बारीक तारेचे हजारो. ईसीएम जाड तारेतून काही मिलिसेकंद करंट सोडतो आणि झटक्यात तोडतो. त्या तोडण्यातूनच बारीक तारेत वीस ते चाळीस हजार व्होल्ट उठतात. पूर्वी अँबेसेडर, पद्मिनीत सगळ्या सिलिंडरांना मिळून एक कॉइल असे, आणि करंट तोडायला डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट. तो पॉलिश पेपरने घासला की गाडी चालू. आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसते.

वायरमनने आधी इंजिन बंद करून दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली. कॉइल खराब असती तर कोड तिच्याबरोबर सरकून पी०३५३ झाला असता. सरकला नाही. म्हणजे दोष जागेत होता. चालू इंजिनची कॉइल उपसून ठिणगी बघायची जुनी सवय त्याने कटाक्षाने सोडली आहे. उघड्यावर ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल, ईसीएम दोन्ही जाऊ शकतात. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं.

मग त्याने कपलर काढून मीटर लावला. १२.४ व्होल्ट. मला वाटलं, वायर ठीक. त्याने मान हलवली, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्याच टोकांना जोडला. बल्बची तार नुसती लालसर झाली, उजेड नाही. मीटरची टोकं बल्बच्या टोकांवर टेकवली तर व्होल्टेज निम्म्यावर आलेलं. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून कुजलेली वायरही त्याला पूर्ण बारा दाखवते. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा वायरची लायकी कळते. कॉइल तर क्षणभर त्याहून कितीतरी जास्त मागते. ही पाच मिनिटांची परीक्षा पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

बल्बचं अर्थिंग थेट बॅटरीवर नेलं, तरी उजेड नाही. म्हणजे सप्लायची वायर. बल्ब जोडलेलाच ठेवून तो हार्नेस चिमटीत धरून हळूहळू हलवत मागे गेला. बॅटरीच्या ट्रेजवळ बल्ब एकदम भकन् पेटला आणि विझला. तिथली टेप सोलली. उंदराने कातरलेलं प्लॅस्टिक, आत पावसाचं पाणी मुरून हिरवं पडलेलं तांबं. दोन-तीन तारा त्या गंजातून एकमेकींना जेमतेम टेकलेल्या. त्याने चांगलं तांबं लागेपर्यंत वायर कापली, तुकडा जोडून डाग दिला, वर स्लीव्ह तापवून बसवली. बल्ब लख्ख पेटला.

"जुनी कॉइल फेकली का?" त्याने विचारलं. डिकीत होती. तीच दोन नंबरवर बसवली, नवी काढून खोक्यात घातली. त्याच दुपारी पुन्हा राणीपूर, पुन्हा घाट. गाडी तोरणमाळच्या यशवंत तलावापर्यंत एकदाही अडखळली नाही.