किती गोड खाल्लं, त्याहून किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं

आपला धाराशिव जिल्हा उसाचा आणि खव्याचा. ढोकीचा तेरणा कारखाना सगळ्यांना माहीत, कुंथलगिरीचा पेढा दूरवर जातो. त्यात आपल्या घरी ईदचा शीरखुर्मा, रमजानचा शरबत आणि पाहुणा आला की गोड चहा. ही मेहमाननवाजी सोडा, असं आम्ही म्हणत नाही. पण दाढ दुखते म्हणून मूल शाळा बुडवतं, रात्रभर रडतं, तेव्हा याबद्दल बोलायलाच हवं.

दात किडतात कसे? तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दातावरचं कडक आवरण झिजवतं. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते, पण तिला साधारण अर्धा तास तरी लागतो. मूल दर थोड्या वेळानं चॉकलेट, बिस्कीट खात राहिलं तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून गोड द्यायचंच तर जेवणासोबत द्या, दिवसभर हातात देऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसानं दिवसाला वरची साखर शक्यतो २५ ग्रॅम, म्हणजे साधारण ६ चमचे, एवढीच घ्यावी. मुलांना त्याहून कमी. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा झाले की ८ चमचे तिथंच होतात! गूळ आणि मधही याच हिशोबात धरायचे. ‘गुळाचा चहा आहे, चालतो’ असं दाताच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे ‘दुधाचे दात आहेत, पडणारच’. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे येणारी पहिली दाढ दुधाची नसते. ती कायमची असते, गेली की पुन्हा येत नाही.

दीनमध्ये तर तोंडाच्या सफाईवर किती जोर आहे! प्यारे नबी ﷺ यांना मिस्वाक फार पसंत होता. मिस्वाक जरूर करा, सोबत फ्लोराइडची पेस्टही वापरा. रमजानमध्ये सहरी झाल्यावर वेळ संपण्याआधी ब्रश करा. इफ्तारला खजूर खाल्ल्यावर नीट चूळ भरा, आणि शरबतात साखर निम्मी घाला. एरवी रात्री झोपण्याआधीचा ब्रश चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते. त्यानंतर फक्त पाणी. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं तेव्हा मुलांचे दातही तपासतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. दातावर काळा डाग दिसला तर दुखेपर्यंत थांबू नका. लहान खड्डा भरता येतो, उशीर झाला की दात काढावा लागतो.

आजपासून चहात एक चमचा कमी करून बघा. आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. आणि सुरुवात आपण मोठ्यांनी करायची, मुलं आपलंच बघून शिकतात.